दोरीला टांगलेला ट्रंपेट

एकाहत्तरच्या जूनमध्ये माझं पोस्टिंग नगरच्या बँडमध्ये झालं. मी सावंतवाडीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. फौजेने वर्दी दिली, पोटभर जेवण दिलं, वर हातात पितळेचं वाद्य दिलं. हे सगळं कोणी परत मागेल, अशी धास्ती मला रोज वाटे.

माझे उस्ताद नाईक भानुदास, शेवगावचे. आम्ही वाजवायचो त्या मार्चच्या धूनच्या शेवटी ट्रंपेटचा एक उंच सूर होता, टॉप जी. अख्ख्या बँडमध्ये तो एकट्या उस्तादांना लागायचा. मी काढायला गेलो की माउथपीस ओठांवर दाबायचो. सूर कधी निघे, कधी फाटे. ओठ मात्र हमखास सुजे.

उस्तादांनी बँडरूमच्या तुळईला दोरी बांधून ट्रंपेट टांगला. त्या सुराला एकही कळ दाबावी लागत नाही.

"हात पाठीमागं धर. फुंक."

"उस्ताद, तो मागे सरकतो."

"सरकनारच. म्हैस ढकलतो का काय, कोकण्या? सूर वाऱ्यानं चढतो. रेटून न्हाई."

रोज सकाळी सात ते आठ हेच. ट्रंपेट पाळण्यासारखा झुले आणि माझ्या मागे उभे उस्ताद हसत.

डिसेंबरात लढाई लागली. लढाईत बँडवाले वाद्यं जमा करून स्ट्रेचर उचलतात. उस्ताद पश्चिम आघाडीवर गेले. मी नवखा, मला मागे ठेवलं. निघताना म्हणाले, "दोरी काढू नको. आल्यावर बघतो."

ते आले नाहीत. जखमी जवानाला उचलताना गोळा पडला, एवढंच कळलं.

पुढच्या मार्च महिन्यात शहिदांसाठी परेड ठरली. बँडमास्टर सुभेदारसाहेबांनी विचारलं, "टॉप जी लागतो?"

"पाचात एकदा, साहेब."

"मग खालचा घे. कुणाला कळणार नाही."

परेडच्या सकाळी साडेआठला मार्चची धून सुरू झाली. पहिल्या रांगेत उस्तादांचे वडील बसले होते, फेटा बांधून. त्यांना कळेल, असं मला वाटलं. शेवट आला तसा मी माउथपीस होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. टॉप जी निघाला, स्वच्छ. तोंडात रक्ताची चव आली.

सुभेदारसाहेबांनी पाठ थोपटली. नंतर वडील जवळ आले.

"आमचा भानू सुट्टीवर आला की बांधावर बसून ह्योच सूर काढायचा. बैलं कान टवकारायची." मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "पर त्याचा वठ कधी असा सुजला न्हाई."

मी सॅल्यूट केला.

ओठ भरायला पंधरा दिवस गेले. मग मी पुन्हा त्या दोरीपुढे उभा राहू लागलो, सात ते आठ. पावसाळा तोंडावर आला असताना एका सकाळी, सात वीसला, टॉप जी लागला. ट्रंपेट जागचा हलला नाही.

उस्तादांना दाखवायला मी मागे वळलो. हात तसेच पाठीमागे धरलेले होते.