बसून घेतलेली पेटी

बायकोनं अन् मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हंजे परभणीच्या बाजारात लोखंडी पेट्यांवर बसून बघणं. बसत ती होती. मी बाजूला उभा राहून लाजत होतो.

तिचं म्हणणं असं, की पेटीच्या झाकणाला माणसाचं वजन पेलत नसंल तर बुडाला पान्यांचं वजन काय पेलणार? दुकानदार म्हणाला, "मावशी, पेटी बसायसाठी नसती." ती म्हणाली, "दादा, माझ्या घरातली कोणतीच वस्तू ज्याच्यासाठी असती त्याच्यासाठी राहिलेली न्हाई. ह्यांना इचारा." अन् बसली. पहिल्या पेटीचं झाकण 'बॉक' करून खाली गेलं. ती उठली तसं 'टॉक' करून वर आलं. दुकानदारानं देवाच्या फोटोकडं बघितलं, मी रस्त्याकडं बघितलं.

पेटी कशाला लागली ते आधी सांगतो, न्हाईतर बाई वेडी होती असं वाटंल. वेडा मी होतो.

मी पूर्ण्याला रेल्वेच्या शेडात खलाशी, म्हंजे जड सामान हलवणारा, म्हणून लागलो अन् फिटर म्हणून निवृत्त झालो. शिक्षण चौथी. म्हंजे चौथीत बसलो होतो एवढंच. उठल्याचं आठवत न्हाई. नोकरी सुटल्यावर घरात बसलो तर आपण मरू, अशी माझी समजूत होती. हा घरात बसला तर आपण मरू, अशी तिची. म्हणून घराला लागून पत्र्याचा गाळा ठोकला अन् पेंटरकडून वर 'गॅरेज' लिहून घेतलं. गाडी म्हणून दारात यायची ती सायकल. बाकी शेतावरची डिझेल इंजिनं, स्टो, फवारणीचे पंप. पण नाव गॅरेज. नाव मोठं ठेवायला सरकारचं लायसन लागत न्हाई.

गाळ्याला दार होतं, पण असं, की कुत्रं नाकानं उघडायचं. म्हणून हत्यारं घरात. पाने फडताळात, लोणच्याच्या बरणीमागं. कानशी पोळपाटाखाली. पेचकस देव्हाऱ्यात, कारण तिथं दिवा असतो अन् अंधारात हाताला लवकर लागतो. देवांनी कधी तक्रार केली न्हाई. बायकोनं रोज केली. मी रोज 'व्हय' म्हणायचो. 'व्हय' म्हणायला काय जातंय? निम्मा संसार मी त्याच एका शब्दावर रेटला.

मग शेंदराची गल्लत झाली.

शेडात वाफेच्या नळीचा जोड गळू नये म्हणून शेंदूर जवसाच्या तेलात कालवून, त्यात अजून काय काय घालून, त्याचा लगदा लावतात. तोच लाल शेंदूर, जो देवाला लागतो. फरक एवढाच, की देवाचा ओला राहतो अन् आमचा दगड होतो. माझा एक डबा लगदा फडताळात होता. तिचा देवाच्या शेंदराचा डबा पण फडताळात होता. दोन्ही डबे एकाच चहाच्या पुडीचे. आता ह्यात माझी काय चूक, असं मी तवा म्हणालो होतो. आता म्हणत न्हाई.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी गुरवाचा निरोप आला, की शेंदूर कमी पडायलाय, कुणाकडं असंल तर पाठवा. तिनं हौसेनं डबा पाठवला. गुरव म्हातारा, त्याची नजर माझ्या अकलेसारखी, अधूनमधून चालणारी. त्यानं मारुतीला डोक्यापासून शेपटीपर्यंत लिंपून काढला.

आमच्या मारुतीच्या ओल्या शेंदराला सुपारी चिकटवून कौल लावायची रीत. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर न्हाई. चार-आठ दिवसांत मारुती असा कडक झाला, की सुपारी चिकटंनाच. लावली की टप्प करून खाली, दोन्हीकडची. गावातली दोन लग्नं अडली, एका बैलाचा सौदा अडला. गुरव माझ्या दारात येऊन बोंबलायला लागला. मी म्हणालो, काळजी करू नका बुवा, तुमचा देव आता इंजिनाला बसवला तरी कुठून गळणार न्हाई.

सगळी हसली. ती हसली न्हाई.

तिला ते लय लागलं. देवळात जाणं सोडलं. पाणवठ्यावर बाया तिला इचारायच्या, काय गं, आज नवऱ्याला काय वाढलंस, भाजी का ग्रीस? घरी येऊन ती नुसती भांडी आदळायची, अन् भांड्यांच्या आवाजावरून मला कळायचं की आज कोण काय बोललं. एक दिवस भाकरी थापता थापता थांबली. हात पिठात तसेच ठेवून म्हणाली,

"आवं, सारी उमर गेली. मला माझ्याच घरात हात घालायचं भ्या वाटतंय. काय हाताला लागंल अन् कुणाचं वाटोळं हुईल सांगता येत न्हाई. एक फडताळ द्या मला. निस्तं माझं. तुमचा एक खिळा सुदिक नगं त्यात."

सोनं मागितलं न्हाई, लुगडं मागितलं न्हाई, काशी न्हाई. फडताळ मागितलं, अन् ते पण तिच्याच घरातलं. मी म्हणालो, परभणीला जाऊ, पेटी घेऊ.

तर अशा कारणानं ती पेट्यांवर बसत होती.

दुसरी पेटी दुकानदारानं मोठ्या तोऱ्यात दाखवली. निळी, खणा-खणांची, खाली चाकं. खण ओढला की पाण्यावर होडी सरकावी तसा सरकायचा. किंमत म्हणाल तर एका दुभत्या म्हशीची. माझा जीव तिच्यात अडकला, खोटं कशाला बोलू. बायकोनं एक खण ओढला, लोटला, परत ओढला. म्हणाली, "ह्यात तुमचा पाना ठेवला तर पाना लाजंल." अन् चाकं असल्यामुळं बसायला गेली तर पेटी मागं सरकली अन् ती खाली आपटता आपटता मागं उभ्या असलेल्या दुकानदाराच्या मेव्हण्याच्या अंगावर गेली. ती पेटी बाद झाली. मेव्हणा पण बाद झाल्यासारखा दिसत होता.

तिसरी लाकडाची. वास घेतला अन् वाळवी हाय म्हणाली. होती.

मग दुकानदार वैतागून म्हणाला, माझ्याकडं मागं एक जुनी पडलीय, भंगारात घेतलेली, बघायची तर बघा. ती रेल्वेच्या गार्डाची पेटी होती. काळी, जाड पत्र्याची, कोपऱ्यांना रिव्हेट, दोन्ही बाजूंना कड्या. असल्या पेट्या मी जिंदगीभर फलाटावर बघितल्या. त्यांच्यात गार्डाचे कंदील, झेंडे अन् डबा असायचा. वर पांढऱ्या रंगात कुणाचं तरी नाव होतं, ते कुणीतरी खरवडून काढलेलं. मी बूड बघितलं, बिजागरी हलवून बघितली, रिव्हेट बोटानं चाचपले. गंज वरवरचा होता. बायको बसली. काही आवाज न्हाई. जरा सरकून मांडी घातली. पिशवीतून खारे शेंगदाणे काढले अन् खायला लागली.

"हीच," म्हणाली.

भाव तिनंच केला, बसल्या बसल्या. दुकानदार भाव कमी करंना, अन् ही उठंना. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्यानं ह्या बाईकडं बघितलं अन् गेलं. तिसरं गेल्यावर दुकानदारानं हात जोडले.

ते दिवस नामांतराच्या गडबडीचे. विद्यापीठाच्या नावावरून खेड्यापाड्यांत घरं जळाली होती, माणसं माणसाकडं तिरकं बघायला लागली होती, एसटी कधी चालू तर कधी बंद. स्टँडवर पोलीस. मी पेटी बसच्या टपावर चढवायला लागलो तर हवालदार आला. कशाची पेटी, म्हणाला. मी आपला शेडातला माणूस, सरळ सांगितलं, "हत्यारांची." आमी पान्या-पेचकसाला हत्यारंच म्हणतो. त्या दिवसांत पोलिसाला हा शब्द सांगायचा नसतो, हे चौथीत शिकवलं न्हाई. हवालदाराचा हात काठीवर गेला. बायको मधी आली.

"उघडून बघा साहेब. रिकामी हाय. ह्यांच्या डोक्यावाणी."

त्यानं उघडून बघितली. मग माझं डोकं पण बघितलं. सोडलं आमाला.

घरी पोचलो तवा दिवस मावळायला आला होता. पेटी मधल्या खोलीत ठेवली. ती पदर खोचून तयार. आत्ताच भरू म्हणाली, मी काढून देते, तुमी भरा. मी म्हणालो, उद्या. कंबर धरली होती, चहा पाहिजे होता. ती म्हणाली, तुमचं उद्या मला ठाऊक हाय. मी म्हणालो, व्हय.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेतकऱ्याचं इंजिन बंद पडल्याचा सांगावा आला. मी फडताळातून चार पाने ओढले अन् निघालो. तिनं दारातून इचारलं, अन् पेटी? मी सायकलवर टांग टाकता टाकता म्हणालो, आलोच.

दुपारी शेडातला माझा जोडीदार सायकल हाणत त्या शेतावर आला. बुद्धवाड्यातला माणूस, आमी दोघांनी मिळून एका बॉयलरखाली अर्धी जवानी काळी केली. तो कधी सायकल पळवत न्हाई. त्याला पळवताना बघूनच मी हातातला पाना खाली ठेवला. बायको हापशावर पाणी भरताना खाली बसली, अन् बसली ती बसली. डॉक्टर यायच्या आधीच संपलं होतं.

बस बंद, मानवतला दिलेली आमची पोरगी येईपर्यंत थांबायचं का न्हाई ह्यावर भावकीनं घोळ घातला. पोरगी एका ट्रकातून आली, तिन्हीसांजेला. मग नेली. खांद्याला चौघं लागतात. भावकीतले पुढं दोन झाले अन् एक शेजारी. चौथ्या जागेवर जोडीदार येऊन उभा राहिला. कुणीतरी घसा खाकरला. मी म्हणालो, ज्याला खाकरायचं त्यानं खांद्याला लागून खाकरावं. कुणी आलं न्हाई. उचलली. मला पोरगा न्हाई, अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तसा मी उठून पेटी भरायला लागलो.

बाहेर माणसं बसायला आली होती. आत लोखंडाचा आवाज यायला लागला. भावकीतला एक म्हातारा दारात येऊन म्हणाला, अरे, लोक काय म्हणतील, सुतकात लोखंडाला हात लावत न्हाईत. मी म्हणालो, मग काल न्हाव्यानं माझं डोकं काय लाकडानं भादरलं? तो गेला.

फडताळातले पाने काढले. पोळपाटाखालच्या कानशी. देव्हाऱ्यातला पेचकस. कणगीमागून निघाला एक हातोडा, जो हरवला म्हणून मी तिला शिव्या दिल्या होत्या. घरात एवढं लोखंड निघालं, की आपण ह्या बाईला घरात ठेवली होती का गोदामात, असं झालं. वाळवणाच्या डब्यात नट. तिच्या फणीच्या पेटीत, देवा शप्पथ, माझा एक वायसर. तो तिनंच ठेवला असंल, सापडंना म्हणून मी ओरडलो असंन. एकेक पुसून पेटीत घातलं. खिळा सुदिक ठेवला न्हाई.

भरून झाली, झाकण लावलं, कडी धरून ओढली. पेटी हललीच न्हाई. आयुष्यभर जड सामान हलवायची नोकरी केलेला माणूस, अन् पेटी मधल्या खोलीत भरली, गॅरेजात न्हाई. रिकामी नेऊन तिथं भरायची एवढी अक्कल. तिथंच वाकलेला उभा राहिलो. ती काय म्हणाली असती ते मला शब्दाला शब्द ठाऊक होतं, पण म्हणायला कुणी नव्हतं.

पोरगी दारामागून बघत होती. ती बाहेर गेली अन् माणसं घेऊन आली. चौघं. कालचेच चौघं, दुसरे कुठून आणणार? खाली वाकले, उचलली, त्याच दारातून, त्याच उंबऱ्यावरून. उंबऱ्यावर पाय टाकताना शेजारी सवयीनं "राम बो..." म्हणाला अन् जीभ चावली. सगळे थांबले, पेटी हातात तशीच. मागून जोडीदारानं शेडातली आरोळी दिली, "हैश्या." तिघंही म्हणाले, हैश्या. मला हसायला आलं. नंतर दुसरं पण आलं. पेटी गॅरेजात गेली.

मी आत आलो. फडताळाच्या तिन्ही फळ्यांवर तेलाचे गोल डाग, जिथं जिथं माझं काही ठेवलेलं होतं तिथं. चुलीतली राख घेतली अन् घासायला बसलो. पोरगी म्हणाली, बाबा, राहू द्या, मी करते. मी म्हणालो, तू सरक. एक डाग अर्धा निघाला. बाकीचे लाकडात मुरले होते. मी परत राख घेतली.