बाल्झियाआपाची अर्धी वाटी

ओनालबाय म्हातारा खाण्यापिण्याच्या बाबतीत इतका तऱ्हेवाईक, की त्याच्या बायकोने, बाल्झियाने, त्रेचाळीस वर्षांत माहेरी दोन रात्रींच्या वर मुक्काम केला नव्हता. "मी नसले की हा माणूस उपाशी बसतो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तक्रार नावाला, तोराच जास्त! अराल समुद्राकडच्या त्या उजाड रेल्वे स्थानकावर, जिथे ओनालबाय रूळ तपासायच्या नोकरीला होता, दिवसाला दोन गाड्या थांबत आणि बाकीच्या धूळ उडवत निघून जात, तिथे एका बाईने तोरा मिरवावा असं दुसरं होतंच काय म्हणा. आता मात्र त्याच तोऱ्याची तिला धास्ती वाटायला लागली होती.

मागच्या शरद ऋतूत दोघं उंटीण विकून राजधानीत, अस्तानाला, मुलाकडे राहायला आली. मुलगा दिदार आणि सून शिनार सकाळी सातला घर सोडत, ती दिवेलागणीलाच परतत. नोव्हेंबरात बाल्झियाच्या पोटात दुखायला लागलं, म्हणून आठ दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर जे काही बोलला ते शिनारशी बोलला, आणि शिनार लिफ्टमध्ये हमसाहमशी रडायला लागली.

"रडतेस कशाला? लिफ्ट काही पडत नाहीये," बाल्झिया म्हणाली. "काय म्हणाला तो?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणून नाक एवढं लाल? बोल."

"उन्हाळ्यापर्यंत," शिनार म्हणाली.

बाल्झियाने पिशवीतला पाव काढून तिच्या हातात दिला. "याची शपथ घे. म्हाताऱ्याला सांगायचं नाही. दिदारला मी सांगेन, माझ्या सवडीने." अन्नाची शपथ मोडणारा आमच्यात जन्माला यायचाय. शिनारने पाव कपाळाला लावला.

बाल्झियाला मरणाची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. न्हाणीघरात नळ सोडून ती रडायची, चांगली तासभर. पण घरी आल्या आल्या तिला जे दिसलं त्याने ती जास्त हादरली. ओनालबायच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. शिनारने रोज भांडंभर मांस रांधून ठेवलं होतं, आणि हे महाशय ते नेऊन अंगणातल्या कुत्र्यांना घालत होते.

"कुत्री बिचारी कुडकुडत होती," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी काय, चहापाव खाल्ला की."

त्या रात्री बाल्झियाने मनाशी पक्कं केलं. उन्हाळ्याच्या आत, घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा शोधायची, जिथे हा माणूस परक्या हातचं पोटभर जेवेल. दुसरं तिला काही नको होतं.

"मला बाहेरचं खायचंय," तिने सकाळी जाहीर केलं.

"बाहेरचं? घरातलं पीठ संपलं का काय?"

"जन्मभर रांधलं. आता दुसऱ्याने रांधलेलं खाईन म्हणते. शहरात आलोय ना, मग शहरासारखं राहू."

"म्हातारे, तुला थंडी बाधली," ओनालबाय म्हणाला, पण टोपी चढवून मागोमाग निघाला.

मग काय विचारता! पहिली गाठली ती ताटं हातात घेऊन रांगेत उभं राहायची खानावळ. ओनालबायने ताट उलटंसुलटं करून पाहिलं. "तुरुंगात असंच वाढतात. फक्त तिथे आत न्यायला शिपाई असतो." दोन घास खाऊन त्याने चमचा ठेवला. पुढच्या मंगळवारी लांब शेवया हाताने ओढून करणाऱ्या उइगुरांकडे. शेवई उचलता उचलता तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, तरी तिचं दुसरं टोक वाडग्यातच. "याला आदी नाही, अंत नाही. मुल्लाचं प्रवचन आहे हे!" शेजारच्या टेबलावरची माणसं हसली, बाल्झियाही हसली, पण वाडगा भरलेलाच परत गेला. तिसरीकडे दोरा बांधलेल्या पुडीचा चहा आला. त्याने दोरा चिमटीत धरून पुडी वर काढली. "बुडालेला उंदीर आहे गं. शेपटी तेवढी बाहेर राहिलीय."

एका झगमगीत ठिकाणी तर काचेच्या दिवाणखान्यात लोकरीच्या नमद्याचा तंबू ठोकला होता. तिथे त्यांना दाराजवळ बसवलं. आमच्याकडे पांढऱ्या दाढीचा माणूस, अक्साकाल, दारासमोर, आतल्या मानाच्या जागी बसतो आणि चहा ओतणारी दारापाशी. बाल्झियाने मुकाट्याने खुर्च्या फिरवल्या, त्याला भिंतीकडे बसवलं आणि स्वतः वाऱ्याच्या तोंडाशी बसली. एवढं करूनही तो जेवला नाहीच. "मीठ नाही," म्हणाला. मीठ होतं की! तिने चाखलं होतं ना!

फेब्रुवारी लागेपर्यंत सात खानावळी झाल्या. सातही ठिकाणी तो नाक मुरडून उठला. बाल्झियाचा जीव तिळतिळ तुटत होता. रस्ता दर वेळी लांबल्यासारखा वाटायचा, मधल्या बाकावर ती टेकायची आणि "बूट चावतोय" म्हणायची. तोही शेजारी बसायचा, रस्त्यावरच्या गाड्या बघत, काही न विचारता.

आठवी जागा सापडली ती राउशानची. दोन गल्ल्या आणि एक सिग्नल, बस्स. इमारतीच्या तळमजल्यावर सहा टेबलं, त्यांवर फुलाफुलांचं मेणकापड. राउशान पन्नाशीची विधवा, काझालीकडची, म्हणजे त्यांच्याच नदीकाठची. आमच्याकडे करतात तसं ती पिठाच्या उकडलेल्या चौकोनी पापुद्र्यांवर माशाचे तुकडे घालून द्यायची. वास आला तसा ओनालबाय दारातच थबकला. बाल्झियाचे डोळे लकाकले.

जेवला किती? चार घास. पण चार! तेवढ्यात चहा आला आणि घात झाला. गिऱ्हाइकांची घाई असते, म्हणून राउशानने वाटी काठोकाठ भरून आणली. ओनालबायने वाटीकडे पाहिलं, टोपी उचलली आणि उभा राहिला. "चल. ही बाई जा म्हणतेय."

आमच्यात चहा ओततात तो अर्धी वाटी. अर्धी संपली की पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. वाढणारीचे हात थकत नाहीत, तुम्ही बसा, असा त्याचा अर्थ. भरलेली वाटी म्हणजे पाहुणचार आटोपला, प्या आणि निघा. बाल्झिया एकोणीस वर्षांची नवी नवरी असताना घाबरून तिने सासऱ्याच्या दोस्ताला अशीच भरली वाटी दिली होती. तो म्हातारा चहा न पिता घोड्यावर बसला, त्याला गावाबाहेरच्या विहिरीपासून परत आणताना घरच्यांच्या नाकी नऊ आले. पुढची दहा वर्षं सासरी कोणी रुसलं की "हिने वाटी भरली वाटतं" असा टोमणा ठरलेला.

"बसा हो," बाल्झिया म्हणाली, "मीही एकदा भरलीच होती. मला कुठे हाकललंत?" आणि ती उठून सरळ राउशानच्या स्वयंपाकघरात शिरली.

"हे बघ बाई, आधी दूध. मग कोरा चहा, विटेच्या रंगाचा. मग गरम पाणी, दोन बोटं. वाटी अर्धीच. संपत आली की लगेच उचलायची, त्याला मागायला लावायचं नाही. तो मागत नाही. तहानेने मरेल, पण मागणार नाही."

"आपा, पण तुम्ही असताना मी कशाला..." राउशानने तिच्याकडे वळून पाहिलं. बाल्झियाचं मनगट, ढिली झालेली अंगठी, पिवळी पडलेली नखं. "आधी दूध," ती म्हणाली. "लक्षात ठेवते, आपा."

त्यानंतर दोघं एक दिवसाआड तिथेच जायला लागली. राउशान शिकली. म्हातारा मात्र शिकेना. कधी अर्धं ताट खायचा, कधी दोन घासांवर हात धुवायचा. "मासा शिळा आहे," म्हणायचा, आणि राउशान बिचारी ओठ दाबून ताट उचलायची. बाल्झिया स्वतःच्या ताटातले तुकडे हळूच त्याच्या ताटात सरकवायची. एक तर तिला घास उतरत नव्हता, आणि तिच्या हातचं म्हणून तरी तो खाईल अशी आशा. ते तुकडे मात्र तो खायचा. अगदी निवडून खायचा.

नौरोज आला. रस्त्यावरचा बर्फ काळा पडून वाहायला लागला. त्या दिवशी त्या दोन गल्ल्या चालायला बाल्झियाला पाऊण तास लागला. राउशानच्या दुकानात गर्दी होती, नव्या वर्षाचं आंबील रांधून ती ज्याला त्याला वाटत होती. ताटं आली. बाल्झियाने सवयीने चहाची किटली उचलली. नव्हे, उचलायला गेली. झाकण खडखड वाजलं, किटली जागची हलली नाही. तिने दोन्ही हात लावले, तरी नाही. राउशान धावली, पण ओनालबायने नुसता हात वर करून तिला थांबवलं आणि किटली स्वतः घेतली.

पुरुषाने, त्यातून पांढऱ्या दाढीवाल्याने, बायकोसाठी चहा ओतायचा! शेजारच्या टेबलांवर कोणी खाली बघितलं, कोणी उगाच पाव मोडला. त्याने आधी दूध घातलं. मग कोरा चहा. मग गरम पाणी. त्रेचाळीस वर्षं समोर बसून त्याने जे पाहिलं होतं ते सगळं बरोबर केलं. फक्त ओतताना त्याचं लक्ष वाटीकडे नव्हतं, तिच्या चेहऱ्याकडे होतं. वाटी भरली, काठोकाठ भरली, चहा मेणकापडावर सांडून तिच्या बाहीपर्यंत ओघळला.

"अहो," बाल्झिया म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. किटली हातातच राहिली. "नाही," तो म्हणाला. "नाही गं. मी तसं नाही... माझं लक्ष नव्हतं."

"कळलं मला. असू दे."

"असू दे काय असू दे?" त्याचा आवाज चढला, मग एकदम बसला. "मी तुला जा म्हणेन?"

बाल्झियाने वाटीवर हात ठेवला. त्याला माहीत आहे, हे तिला तेव्हा कळलं. "शिनार बोलली?"

"तिला काही बोलू नकोस. तिने शपथ मोडली नाही. चाळीस वर्षं रुळांवर हातोडी मारत चाललो मी. वरून चकचकीत रूळ, पण आत तडा असला की आवाज बदलतो. दवाखान्यातून आलीस ना, दारातून हाक मारलीस मला. तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? सात खानावळी हिंडवल्या मी तुम्हाला, पाय ओढत! एका ठिकाणी धड जेवला असतात तर मी सुटले असते."

"म्हणूनच नाही जेवलो," ओनालबाय म्हणाला. "तू मला जेवायला शिकवत होतीस. मी शिकलो असतो, तर तुझं इथलं काम संपलं असतं. मला वाटलं, नाही शिकलो तर... तू तशी कुठलं काम अर्धं टाकून जाणारी नाहीस."

आता या माणसाला रागवावं की कुशीत घ्यावं! भर दुकानात बाल्झियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि इथे सोडायला नळही नव्हता. "वेडे आहात तुम्ही," ती म्हणाली. "मासा शिळा म्हणालात. त्या बाईला किती लागलं असेल."

"मासा चांगला आहे. पहिल्या दिवसापासून चांगला आहे."

त्याने तिच्या हाताखालची वाटी ओढून घेतली. दोन्ही हातांनी उचलली, कढत चहा घोट घोट करून प्याला आणि बरोबर निम्म्यावर थांबला. काठ बोटाने पुसला आणि वाटी पुन्हा तिच्यापुढे ठेवली.

"ही बघ, अर्धीच आहे," तो म्हणाला. "बैस."

बाल्झियाने वाटीतला चहा एक घोट घेतला. विटेच्या रंगाचा झाला होता, दूधही बेताचं होतं.

"बसते," ती म्हणाली. "जमेल तितकं बसते. पण तुम्ही माझ्यादेखत जेवा. माझ्या ताटातलं नाही, तिने वाढलेलं."

ओनालबायने ताट पुढे ओढलं. तो जेवायला लागला. डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं आणि तो एकामागून एक घास गिळत होता, मध्ये थांबून श्वास घेत होता, पुन्हा गिळत होता. बाल्झिया प्रत्येक घास डोळ्यांनी टिपत होती. ताट रिकामं झालं. राउशान डोळे पुसत जवळ येऊन उभी राहिली.

"आणखी वाढू, अक्साकाल?" तिने विचारलं.

त्याने बाल्झियाकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"वाढ," तो म्हणाला.