तिसरी नळी

१७ ऑगस्ट १९८४, अंधेरी. आभाळ भरलेलं, हवा कोंदट, वारा नाही.

लॅबच्या फ्रीजमध्ये जुन्या नळ्या साठतात, तसे माझ्या वहीत तावडेचे किस्से. टाकवत नाहीत. आज काढून वाचले.

तावडे आमचा टेक्निशियन. काम साधं: दोन माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एका नळीत घालून ऊबेत ठेवायच्या. एकमेकींना परक्या वाटल्या की त्या चवताळतात आणि इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात. "चाळीत नवा भाडेकरू आला की नळावर होतं तेच रे!" इति तावडे.

एकदा पहिलं रक्त तावडेचंच होतं आणि दुसरा रक्तदाता आलाच नाही. तावडेने तरी नळी लावली. पाच दिवसांनी इंटरफेरॉन शून्य! लॅबच्या प्रमुख मॅडम चक्रावल्या.

"तावडे, दुसरं रक्त कोणाचं होतं?"

"माझंच, मॅडम. पण डाव्या हाताचं!"

मग एकदा मी माझं आणि बायकोचं रक्त दिलं. इंटरफेरॉन भरपूर. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "एवढ्यासाठी लॅब कशाला हवी होती?"

इंटरफेरॉन आलंय का, हे ट्रेमध्ये कळतं. ट्रेमध्ये वेगळ्याच पेशी वाढवलेल्या असतात; त्यांच्यावर नळीतला द्रव घालायचा, वर विषाणू सोडायचे. इंटरफेरॉन असेल तर पेशी जगतात, नसेल तर मरतात. पेशी जगल्या की मॅडम सगळ्यांना चहा मागवायच्या. तावडे आदल्या दिवशीच विचारायचा, "बिस्किटं कुठली आणू?"

जुलैत त्याच्या धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. द्यायला तावडेशिवाय घरात कोणी नाही. रक्तगट जुळला. मग मॅडमनी दोघांच्या पेशी आमच्याच लॅबमध्ये लावायच्या ठरवल्या. पेशींना एकमेकी परक्या वाटल्या, म्हणजे इंटरफेरॉन आलं, तर किडनी टिकणार नाही.

रक्त द्यायला कुंदा आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला. तरी म्हणाली, "दादा, तुझी किडनी घेऊन मीपण तुझ्यासारखी बडबडायला लागले तर?"

"तर सासरचे तुला परत पाठवतील!"

ती गेल्यावर तावडे नळ्यांसमोर उभा राहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, "मॅडम, ह्या खेपेक इंटरफेरॉन येव नको."

आज सकाळी ट्रे मी वाचला.

पहिली नळी, तावडे एकटा: ट्रेतल्या पेशी मेलेल्या.

दुसरी नळी, कुंदा एकटी: पेशी मेलेल्या.

तिसरी नळी, दोघं एकत्र: सगळ्या पेशी जिवंत.