लेकीसाठी कॅडिलॅक: शुगर लँड ते डेट्रॉईट

भास्करकाकांचा फोन आला तेव्हा मी अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये धिरडं उलटत होते.

"केतकी, तुला लांब गाडी चालवता येते का गं?"

मला वाटलं, लांबचा प्रवास म्हणतायत. "येते की काका. मागच्या वर्षी कोलोराडोला नव्हतो का गेलो!"

"तसं नाही. लांब गाडी. माझी."

काकांची गाडी म्हणजे पांढरी कॅडिलॅक. पंधरा-सोळा वर्षं जुनी, चकचकीत, आणि आमच्या छोट्या जपानी गाडीच्या दीडपट लांब. काका माझ्या बाबांचे नागपूरचे वर्गमित्र. तेल कंपनीत इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून शुगर लँडला निवृत्त झालेले. मी एमएससाठी ह्यूस्टनला आले तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यांच्याच घरी राहिले होते. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आणि आता काकांच्या डोळ्यांत मधोमध धूसर डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. त्यांची मुलगी रिया डेट्रॉईटला असते. तिला ही गाडी द्यायची, असं काकांनी ठरवलं होतं.

"काका, गाडी ट्रकवर चढवून पाठवता येते."

"कॅडिलॅक ट्रकवर? काऊन? ती काय फ्रीज आहे?"

माझा नवरा अनिकेत म्हणाला, "चार दिवसांची सुट्टी, म्हाताऱ्यांची गाडी आणि शेवटी डेट्रॉईट! अगं, लोक योसेमिटीला जातात." तेही खरंच होतं. पण मी ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी बसने ह्यूस्टन गाठलं.

बुधवारी सकाळी डिकी उघडली आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. दोन मोठ्या बॅगा, प्रेशर कूकर, शालीत गुंडाळलेले देव, काकूंचा फ्रेम केलेला फोटो.

"काका, किती दिवस राहणार आहात रियाकडे?"

"बघू. घरात भाडेकरू येतायत पुढच्या महिन्यात."

म्हणजे काका कायमचे निघाले होते. ते त्यांनी मला सांगितलंच नव्हतं, आणि बहुधा स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

या रस्त्याने जाणाऱ्यांसाठी सांगते: ह्यूस्टनमधून उजाडायच्या आत बाहेर पडा, नाहीतर शहरातच दोन तास जातात. पुढे टेक्सारकानापर्यंत दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मध्येमध्ये छोटी गावं. गावाच्या हद्दीत वेग एकदम उतरतो आणि पोलीस तिथेच उभे असतात. गाडी मात्र काय वर्णावी! खड्डा आला की आधी गाडीला कळायचा, मग विचार करून ती आम्हाला कळवायची. सोफ्यावर बसून अमेरिका बघितल्यासारखं वाटत होतं. काका शेजारी तिखटमिठाच्या पुऱ्या खात सांगत होते, "मी आलो तेव्हा प्रोफेसर, डॉक्टर, बँकवाले, सगळ्यांचं स्वप्न हीच गाडी. माझ्याकडे सायकल होती. मग मला परवडायला लागली, तोवर आपले सगळे लोक जर्मन नाहीतर जपानी गाड्यांकडे गेले. तुझी काकू म्हणाली, ही आता कुणी घेत नाही हो. म्हटलं, मी घेतो."

टेक्सारकानाला पेट्रोल भरताना शेजारच्या पंपावरची बाई गाडीकडे बघून गोड हसली. "हनी, माझ्या आजोबांकडे अगदी अश्शीच होती!" मी थँक्यू म्हटलं खरं, पण ते कौतुक होतं की कीव, ते मला लिटल रॉक येईपर्यंत ठरवता आलं नाही. काकांनी ते कौतुकात जमा केलं.

लिटल रॉकला मुक्काम. हायवेलगतची मोटेल स्वस्त आणि ठीक असतात; मागच्या बाजूची खोली मागा, ट्रकांचा आवाज येत नाही. सामान लावत होते तेवढ्यात रियाचा फोन आला. रिया अमेरिकेतच जन्मली. मराठी समजतं, बोलते मोडकंतोडकं.

"ताई, बाबा ऐकतायत का? नाही ना? लिसन. बाबांना आण. प्लीज, प्लीज आण. पण आय डोन्ट वॉन्ट द कार."

"अगं, ते तुझ्यासाठीच..."

"आय नो. माझं गॅरेज एका गाडीचं आहे, त्यात माझी इलेक्ट्रिक आहे. आणि ताई, शाळेत ते मला त्या गाडीतून सोडायचे ना, मी कोपऱ्यावर उतरायचे. मैत्रिणी म्हणायच्या, हू डाइड? मला ते पुन्हा नकोय. तू सांग ना त्यांना."

मी काय सांगणार? खिडकीतून बघितलं तर काका खाली रुमालाने बोनेटवरचे किडे पुसत होते. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेम्फिसला जेवायला थांबलो. शाकाहारी मंडळींनो, इथे साध्या बीन्समध्येही पोर्क असतं. विचारल्याशिवाय चमचा लावू नका. आम्ही कॉर्नब्रेड आणि कोलस्लॉवर भागवलं. बाहेर आलो तर ऐंशीच्या घरातले एक कृष्णवर्णीय आजोबा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीभोवती सावकाश फेरी मारत होते.

"छान ठेवलीय," ते काकांना म्हणाले. "माझ्या आजोबांकडे पैसे होते, पण त्या काळी मोठ्या गाड्यांच्या शोरूममध्ये आमच्या माणसाला दारातच वाटेला लावायचे. आजोबांनी ओळखीच्या गोऱ्या माणसाला वर पैसे देऊन त्याच्या नावावर कॅडिलॅक घेतली. रविवारी चर्चला सगळं कुटुंब त्यातून जायचं. आजी म्हणायची, इतर सहा दिवस आम्ही लोकांसाठी कुणीच नसायचो."

काकांनी त्यांना गाडीत बसायचा आग्रह केला. ते बसले, दार ओढून घेतलं, आतल्या शांततेत डोळे मिटले. मग उतरून काकांचा हात बराच वेळ हातात धरून उभे राहिले. मी तिथे उभी राहून विचार करत होते, की एका पोरीला ज्या गाडीतून उतरताना लाज वाटली, तिच्यात बसायला या माणसाच्या घरच्यांनी केवढा खटाटोप केला. खरं कोणाचं धरायचं?

इलिनॉयमध्ये रस्ता सरळ आणि मक्याची शेतं कापलेली. झोप येते, चहाचा थर्मास जवळ ठेवा. एका छोट्या गावात समोरून अंत्ययात्रा आली. इथली पद्धत म्हणून सगळ्यांनी गाड्या कडेला घेतल्या, मीही घेतली. सगळ्यात पुढे काळी शववाहिका, लांबलचक. काकांनी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघितलं. हल्ली त्यांना नीट बघायचं असलं की ते त्या वस्तूकडे पाठ केल्यासारखे वळतात, रुसल्यासारखे.

"कॅडिलॅकच ना?"

"हो काका."

"बघ. राष्ट्राध्यक्षालाही हीच, आणि शेवटच्या प्रवासालाही हीच," असं म्हणून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. 

एफिंगहॅमला राहिलो. तिसऱ्या दिवशी इंडियानात शिरताच घड्याळ एक तास पुढे जातं. हे विसरलात तर जेवणाच्या वेळा चुकतात, आमच्या चुकल्या. दुपारी उशिरा एका डायनरमध्ये वेट्रेसने 'पाय' नावाचा इथला गोड पदार्थ आणून ठेवला, मलईदार, वर दालचिनी, आणि म्हणाली, "हा म्हणजे पायमधली कॅडिलॅक बघा." तिला आमची गाडी दिसलीही नव्हती. काका एवढे खूश झाले की दुसरा तुकडा मागवला. आणि मला आठवलं, आमच्या ऑफिसात मॅनेजर एखाद्या फुगलेल्या, महागड्या सॉफ्टवेअरला नाक मुरडताना हाच शब्द वापरतो. एकच नाव. तिच्या तोंडी सर्वोत्तम, त्याच्या तोंडी उधळपट्टी.

संध्याकाळी रियाकडे सहज पोचलो असतो. पण काकांना अचानक घाई उरली नाही. "आज मोटेलमध्ये राहू. उद्या सकाळी गाड्यांचं म्युझियम बघू, मग जाऊ. तिला शनिवारी सुट्टीच असते." त्यांना काय झालंय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

डेट्रॉईटच्या आसपास अशी दोन-तीन म्युझियम आहेत. कुठल्याहीला अर्धा दिवस ठेवा. ज्येष्ठांना तिकीट कमी पडतं. काकांना पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत होते. पूर्वी गाडी सुरू करायला पुढे हँडल मारावं लागायचं, त्यात हात मोडायचे. बटणासरशी सुरू होणारी गाडी आधी कॅडिलॅकवाल्यांनी आणली. मग मागे माशाच्या परांसारखे पंख असलेल्या गाड्या, गुलाबी, फिरोजी. मग पुढच्या, उतरत्या काळातल्या, ज्यांच्यापाशी कुणीच थांबत नव्हतं. शेवटी बोधचिन्हाची पाटी. डेट्रॉईट वसवणाऱ्या फ्रेंच माणसाचं नाव गाडीला दिलं आणि त्याच्याच घराण्याचं राजचिन्ह उचललं. पण तो माणूस खानदानी नव्हताच. अमेरिकेत येताना त्याने नाव बदललं आणि राजचिन्हही स्वतःच तयार केलं.

"काय म्हणालीस? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. काका बाकावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच आहे की नाही ते मला कळेना.

"केतकी, लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये गं," ते म्हणाले. "माझे वडील तर माझ्या बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आणि मी राहायला चाललोय. डोळे नाहीत, काकू नाही. म्हटलं, निदान कॅडिलॅक घेऊन जावं."

आता तरी मी सांगायला हवं होतं. नाही जमलं.

रियाचं घर शहराच्या उत्तरेला, झाडांच्या गल्लीत. ती अनवाणीच धावत बाहेर आली, बापाच्या गळ्यात पडली. काकांनी माझ्याकडून किल्ली घेऊन तिच्या हातावर ठेवली. "ही तुझी."

रियाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"बाबा, मला गाडी नको."

"अगं, अजून वीस वर्षं..."

"बाबा, मला नको. आय वॉन्टेड यू. खोली रंगवलीय तुमच्यासाठी. गाडी नको."

काका हळूच म्हणाले, "मग मी तरी कशाला राहू? केतकी, आपण उद्या परत जाऊ." ते खरंच डिकीकडे वळले, मी उतरवलेली एक बॅग परत आत ठेवायला. डाग मधोमध असल्यामुळे त्यांचा हात कुलुपाच्या बाजूला चाचपडत राहिला. मी पुढे होणार, तेवढ्यात रियाने त्यांचा हात धरून त्यांना गाडीच्या पुढच्या बाजूला नेलं आणि दार उघडलं. काका सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला वळले. "बसा बाबा. तिथे नाही, पॅसेंजर सीटवर." मग स्वतः स्टिअरिंगसमोर बसली. सीट पुढे, आणखी पुढे घेतली. गाडी गल्लीतून मागे घेताना पोस्टाच्या पेटीला घासता घासता वाचवली, आणि दोघं निघून गेले.

मी पायरीवर बसले. एक तास गेला. चहा केला. दुसरा गेला. फोन करावा की नाही कळेना. त्यांचं भांडण झालं असेल, रस्ता चुकला असेल, नाहीतर रिया बापाला सरळ विमानतळावर सोडायला गेली असेल, काय काय मनात येऊन गेलं.

गाडी परत आली तेव्हा दोघांच्या अंगाला तळलेल्या कांद्याचा वास येत होता आणि रियाचे डोळे सुजलेले होते. काकांनी उतरून मला हाक मारली. "केतकी, डिकी उघड. देव आधी काढ." मग किल्ली माझ्यापुढे धरली. "गाडी तू ने. मी राहतोय."

"काका, मी कशी..."

"घे गं पोट्टे. नाही म्हणणारी एक पुरे."

परतीचा प्रवास मी एकटीने केला, दोन मुक्कामांत. तोच रस्ता, पण शेजारची सीट मोकळी असली की इलिनॉय फार मोठं वाटतं. हिशोब विचारणाऱ्यांसाठी: ही गाडी पेट्रोल भरपूर पिते, तेवढ्यात दोन माणसांचं विमानाचं तिकीट आरामात आलं असतं. शहाणपणाचा प्रवास हवा असेल तर विमानाने जा.

आता गाडी आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे, पांढऱ्या रेषेच्या फूटभर बाहेर. मित्रांनी "फ्युनरल होम उघडलंस का यार?" विचारून झालं. शेजारच्या आजींनी "प्रमोशन मिळालं वाटतं" म्हणून झालं. अनिकेत विकू या म्हणत होता. हल्ली तोच ऑफिसचे कॉल घ्यायला तिच्यात जाऊन बसतो, आतून काही ऐकू येत नाही म्हणून. ही गाडी मानाची की हसण्याची, मला अजूनही सांगता येणार नाही. मेम्फिसचे आजोबा बरोबर होते आणि रियाही बरोबर होती, एवढंच म्हणता येतं.

रविवारी काकांचा फोन येतो. डेट्रॉईटच्या थंडीला नावं ठेवतात, रिया वरण कसं पातळ करते ते सांगतात. गाडीचं काही विचारत नाहीत. मागच्या रविवारी शेवटी मीच विचारलं, "काका, त्या दोन तासांत काय झालं होतं?"



"काही नाही गं. तिने चालवली. मी बसलो."