शुक्रवारचं पंक्चर

बाळकृष्ण परबाला ओमानच्या सोहारमध्ये एकच घर माहीत होतं, आणि त्या घरात त्याची सख्खी बायको त्याला "दादा" म्हणायची.

हसू नका. कलावतीला कामावर लावताना एजंटने बजावलं होतं, "नवरा इकडेच आहे असं बोलायचं नाही. नवरावाली बाई घरात कोण ठेवत नाही." ती बोलली, नवरा गावाला असतो. झालं. पहिल्याच आठवड्यात खरं सांगून टाकायला हवं होतं. आता दीड वर्ष गेलं, आता सांगितलं तर खोटारडी म्हणून विमानात बसवतील. तो औद्योगिक वसाहतीत फिटर, आठ जणांच्या खोलीत. ती प्रसादसाहेबांच्या तिसऱ्या मजल्यावर, किचनच्या मागच्या खोलीत. मधे अठरा किलोमीटर. ती गावाला होती तेव्हा फोनवर भांडता तरी यायचं; इथे घरातलं कोणी ऐकेल म्हणून तेही नाही.

वाचवलं ते सायकलीने. साहेबांची सई बारा वर्षांची. बिल्डिंगच्या मागे बाभळी, त्यांचे काटे, आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं. कलावतीच बोलली, "आमच्या बाजूचा एक माणूस आहे साहेब, कुडाळला सायकलचं दुकान होतं त्याचं." दुकान खरंच होतं. तेवढं तरी खरं.

शुक्रवारी कंपनीची बस बाजारात सोडायची, तिथून बाळकृष्ण चालत. गॅलरीत सायकल उलटी करायची, चाक काढायचं. वीस मिनिटांच्या कामाला तो दीड तास लावायचा. कलावती ट्यूब बुडवायला बादली आणायची, आणि बुडबुड्यांकडे बघत दोघं हळूच बोलायची.

"पोराचो फोन इल्लो?" तो विचारायचा.

"इल्लो. चष्मो लागलो त्याका. तुमी बारीक झालात." मग पावलं वाजली की मोठ्याने, "दादा, चहा घ्या हां!"

तो दादा त्याला नको असायचा. चहा प्यायचा तरी.

मग हा शुक्रवार. साहेब स्वतः गॅलरीत आले, बाह्या वर केलेल्या, हातात नवा पान्यांचा सेट. पुण्याचे, स्टील प्लांटमध्ये इंजिनियर. माणूस सोन्यासारखा, आणि तोच त्रास.

"बाळकृष्ण, आज मला शिकवा. उन्हातून एवढं चालत येता, मलाच लाज वाटते. मला जमलं की तुमची सुटका."

"त्रास कसला साहेब."

"अहो, सुट्टीच्या दिवशी झोपा की जरा. यल्ला, सुरू करा."

"बाबा, तू तोडणार सायकल," सई म्हणाली.

"तू गप गं."

करतो काय? शिकवलं. पुढच्या ब्रेकची तार आधी सोडायची, म्हणजे ब्रेकचे रबर चाकापासून लांब होतात आणि टायर अडकत नाही. नट दोन्ही बाजूंनी ढिले करायचे. बसवताना एक्सल खाचेत तळापर्यंत गेला पाहिजे, मग नट आलटून पालटून आवळायचे, चाक फिरवून बघायचं.

"बस? एवढंच?" साहेब खूश.

ब्रेकची तार अजून लोंबत होती. बाळकृष्णाला दिसली. साहेबांना नाही. पोरगी खाली जाईल, ब्रेक लागणार नाही, फोन येईल, पुढचा शुक्रवार मिळेल. मागचा ब्रेक आहेच की. बिल्डिंगचा उतार सरळ गाड्यांच्या रस्त्यावर जातो, हेही त्याला माहीत होतं.

"एवढंच," तो बोलला.

कोणी म्हणेल, माणूस हलकट. म्हणणाऱ्याने आधी दीड वर्ष बायकोचा दादा होऊन दाखवावं.

सई सायकल ढकलत निघाली. दारात कलावती, हातात चहाचा ट्रे. इतके शुक्रवार बघून ते चाक तिला पाठ झालं होतं. तिने तारेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. लग्नाला सतरा वर्षं झाली, असं तिने कधी बघितलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "ब्रेक जोडायचा राहिला."

"अरेच्चा! मास्तरच विसरले!" साहेब हसले.

बाळकृष्णाचं तोंड उतरलं. "आण गं इकडे," तो सईला बोलला. आणि मग त्याने साहेबांना सोडलं नाही. "काढा. बसवा. तार जोडा. ब्रेक दाबा, अजून जोरात. आता चाक उचलून आपटा, हलतं का बघा. परत काढा." तीनदा करून घेतलं. साहेबांना घाम फुटला. चौथ्यांदा त्यांनी एकट्याने केलं. बाळकृष्ण गुडघ्यावर बसून नट, तार, रबर, सगळीकडे चूक शोधत राहिला. सापडली नाही.

"अडलं तर फोन करतोच," साहेब म्हणाले.

"करा साहेब."

त्याने बाहेर येऊन चपला घातल्या. सावकाश घातल्या. कलावती दार धरून उभी होती, हातभर अंतरावर.

"कलावती, दार लाव गं," आतून साहेबांचा आवाज आला. "एसी चालू आहे."

तिने लावलं.