आधी एक घोट

आमच्या दिंडोशीच्या बिल्डिंगमधले हवालदारकाका येईल त्याला उष्टं पाणी देत. भरलेल्या ग्लासातला एक घोट आपण प्यायचे आणि मग तोच ग्लास पुढे करायचे. नव्या पाहुण्याची पंचाईत व्हायची. आईने तर मला बजावलं होतं, "काही रीतभात नाही त्या माणसाला! तिकडे पाणी प्यायलास तर याद राख." मी अर्थातच प्यायचो.

काका मालवणकडचे, बांगलादेशच्या लढाईवर जाऊन आलेले. शौर्याच्या गोष्टी ऐकायला गेलो की हिरमोड व्हायचा. "मी कैदी राखी होतंय," एवढंच सांगून ते मासे साफ करायला बसायचे.

मी फारच खनपटीला बसलो तेव्हा एकदा त्या घोटाचं कारण सांगितलं. त्यांच्या ताब्यात शत्रूचा एक जखमी पोरगा आला होता. हात मागे बांधलेले, ओठ फुटलेले, पण पाणी तोंडाला लावू देईना. विष असेल ही भीती. काकांच्या पहाऱ्यावरच्या जोडीदाराचा चुलतभाऊ त्याच सकाळी मारला गेला होता. त्याने बंदूक उचलली. "नको तर मरू दे! तू बाजूला हो." काका हलले नाहीत. पाठीला नळी टेकलेली असताना त्यांनी मगातला एक घोट घेतला, गिळून दाखवला आणि तोच मग पोराच्या ओठांना लावला. पोराने सगळं पाणी संपवलं. जोडीदार बंदूक टाकून रडायला लागला, तेव्हा त्यालाही त्याच मगातून पाजलं.

"काका, भीती नाही वाटली?"

"वाटली तर! अर्धा पाणी सांडला. पण हात बांदल्यार दुश्मन कसलो रे? पदरी पडला, पवित्र झाला."

गेल्या वर्षी काका पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना भ्रम झाला. नळ्या उपटतात म्हणून नर्सने दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाला बांधली. झालं! काकांना वाटलं, आपण शत्रूच्या हाती सापडलो. सुनेने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे आणि डोळे दाराकडे लागायचे. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही घेतलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. बांधलेल्या माणसाच्या नाकात जबरदस्तीने नळी! आणि तीही या माणसाच्या!

मी पट्टी सोडायला घेतली. नर्स धावली, "ओ दादा, काय करताय? सगळं उपटून टाकतील ना ते!"

"मी धरतो त्यांचे हात," मी म्हटलं.

दोन्ही पट्ट्या सोडल्या, एका हाताने त्यांची मनगटं धरली, दुसऱ्याने पेला उचलला आणि त्यांच्यासमोर एक घोट प्यायलो. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. मग पेला त्यांच्या ओठांना लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. सुनेने डोळे मिटून घेतले होते. आणि काका प्यायले, सगळं पाणी प्यायले.

माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुमच्यातय माणसा आसत तर."

काका त्याच आठवड्यात गेले. मी कोण, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या लेखी मी शत्रूकडचा एक शिपाईच राहिलो.