काठीला गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य

लॅक्रॉस खेळताना काठीला गूळ लावू नये, असं नियमपुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. आता बहुधा लिहितील.

आमचा निनाद इथल्या युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, लॅक्रॉस टीममध्ये. लॅक्रॉस म्हणजे लांब काठीच्या टोकाला जाळीची झोळी. तिच्यात चेंडू झेलायचा, पळायचं आणि गोलात भिरकावायचा. (फुलपाखरं पकडणाऱ्यांची मारामारी, असं मी एकदा म्हणालो. दोन दिवस अबोला!) त्याचं युनिचं शेवटचं वर्ष, चॅम्पियनशिप एकदाही जिंकलेली नाही आणि फायनल नेमकी खंडेनवमीला.

कर्मकांडावर माझा विश्वास नाही. तरी खंडेनवमीला स्क्रूड्रायव्हरपासून लॉनमोअरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू मीच लावतो. (श्रद्धा नव्हे, मेंटेनन्स.) त्या सकाळी निनाद अंघोळीला गेल्यावर त्याची काठीही बॅगेतून काढून पाटावर ठेवली.

"नैवेद्य वाटीत ठेव रे!" बायको, मेधा, आतून ओरडली.

"वाटी कशाला? ही आयती झोळी आहे की!" मी गूळ-खोबरं जाळीत ठेवलं.

निनाद रिकामी बॅग उचलून ट्रेनने गेला. तासाभराने फोन.

"बाबा, व्हेअर इज माय स्टिक?"

"देवापुढे."

"व्हॉट?!"

मी आणि मेधा टार्निटच्या घरून गाडीने निघालो. काठी मागच्या काचेपाशी, उन्हात, नैवेद्यासकट. त्यात रस्त्याचं काम! पोचलो तेव्हा आठ-आठ बरोबरी आणि आठ मिनिटं शिल्लक. गूळ जाळीत पूर्ण मुरला होता. खोबरं वेचून मी खाल्लं. (प्रसाद टाकू नये.)

मित्राच्या काठीने निनादने तोवर तीन गोल केले होते. पण स्वतःची काठी ती स्वतःची! त्याने ती हिसकावली आणि धावला. चेंडू झेलला, दोघांना चुकवलं, समोर फक्त गोलकीपर. निनादने काठी फिरवली. गोलकीपरने झेप घेतली. सगळ्यांनी गोलात पाहिलं. चेंडू कुठाय?

जाळीत!

त्याने पुन्हा काठी फिरवली. गोलकीपर बिचारा पुन्हा झेपावला. चेंडू जागचा हलेना. शेवटी निनाद काठी जमिनीवर आपटू लागला, तेव्हा रेफ्रीने शिट्टी मारली. जाळीला बोट लावलं, वास घेतला.

"इज धिस सम केमिकल?"

"केमिकल नाही हो!" मेधा स्टँडमधून गरजली. "कोल्हापुरी आहे!"

काठी जप्त. निनाद तीन मिनिटं मैदानाबाहेर. बाकावरून तो माझ्याकडे असा बघत होता, की मी शेजारच्या काकांना सहज विचारलं, "तुमचा मुलगा कोणता?"

तीन मिनिटं टीमने कशीबशी काढली. निनाद परतला तो मित्राच्या काठीने, जिला हळद नाही, कुंकू नाही, नैवेद्य नाही. शेवटच्या मिनिटात त्याच काठीने गोल! नऊ-आठ! मेधा आणि मी अनोळखी लोकांना मिठ्या मारत सुटलो.

निनादच्या हातात ट्रॉफी आल्यावर मी खिशातली कुंकवाची पुडी काढली.

"डॅड, डोंट यू डेअर!"

पण त्याचा कोच मोठ्या मनाचा. पाठीवर थाप मारून त्याने मला पुढच्या फायनलचंही आमंत्रण दिलं. फक्त पूजा समोरच्या टीमच्या काठ्यांची करायची, म्हणाला.